पोटगी, सोडचिठ्ठी, 'नांदायला ये': कोर्टाच्या कागदातले शब्द नेमकं काय सांगतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीचे एक दादा विचारतायत की त्यांची धाकटी बहीण दीड वर्षापासून चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आहे, आता नवऱ्याने बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात कलम ९ ची केस टाकलीये, समन्स हातात पडलंय आणि त्यातलं अर्धं डोक्यावरून जातंय. रिस्पॉन्डंट म्हणजे आरोपी का? 'दांपत्य हक्कांची पुनर्स्थापना' म्हणजे पोलीस येऊन तिला सासरी सोडणार का? पोटगी मागता येते का, मुलाची कस्टडी जाईल का, आणि आई म्हणतेय हे कोर्टबिर्ट कशाला, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घ्या आणि मोकळे व्हा.

दादा, आधी आईंना थांबवा. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल पण तो स्टॅम्प पेपर आणू नका, कारण खाली सांगते.

मी बावीस वर्षं या कोर्टात प्रॅक्टिस करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्यांचं निम्मं नुकसान शब्दांनी झालेलं असतं. घरात आपण एकच शब्द वापरतो, पोटगी, कायद्यात त्याला चार-पाच वेगवेगळी दारं आहेत. घरात आपण म्हणतो 'ते दोघं वेगळे झाले', कोर्टात त्याचे तीन अर्थ निघतात आणि तुम्ही कुठल्या अर्थाखाली सही केलीत त्यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात. म्हणून डिक्शनरीसारखं ए टू झेड सांगत नाही, तुमच्या हातातल्या कागदावरूनच जाऊया.

समन्ससोबत पिटिशनची कॉपी असेल, तीस-चाळीस पानांची. लोक पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि चौथ्या पानावर रडायला लागतात, कारण त्यात समोरच्याने काहीबाही लिहिलेलं असतं, बायको स्वयंपाक करत नव्हती, आईला उलट बोलायची, सारखी माहेरी पळायची. ते आत्ता वाचू नका. सरळ शेवटाकडे जा, जिथे अ, ब, क करून मुद्दे असतात आणि वर 'प्रार्थना' किंवा इंग्रजी पिटिशन असेल तर प्रेयर्स लिहिलेलं असतं. प्रार्थना म्हणजे समोरच्याला कोर्टाकडून नक्की काय पाहिजे त्याची यादी. कोर्ट सहसा या यादीच्या बाहेर जाऊन काही देत नाही. बहिणीच्या कागदात तिथे फक्त 'रिस्पॉन्डंटने पिटिशनरसोबत येऊन राहावे' एवढंच आहे की खाली मुलाचा ताबापण मागितलाय, हे आधी बघा. मी नवीन ज्युनियरलापण हेच करायला लावते, शेवटचं पान आधी.

रिस्पॉन्डंट म्हणजे आरोपी नाही. ज्याने केस टाकली तो पिटिशनर, ज्याला उत्तर द्यायचंय तो रिस्पॉन्डंट, मराठीत प्रतिवादी. बस एवढंच. ही फौजदारी केस नाहीये, इथे कोणी कोणाला अटक करत नाही, पोलिसाचा संबंध नाही. केस नंबरच्या आधी एक अक्षर असतं तेपण बघून ठेवा, बांद्र्याला 'ए' पिटिशन म्हणजे एकाने दुसऱ्यावर टाकलेलं लग्नाचं मॅटर, 'एफ' म्हणजे दोघांनी मिळून संमतीने टाकलेलं, 'डी' म्हणजे मुलाच्या ताब्याचं, 'ई' म्हणजे जुन्या कलम १२५ ची पोटगी, ते कलम खाली सांगते. कॉरिडॉरमध्ये बोर्डावर नाव शोधताना हे अक्षर माहीत असलं की धावपळ वाचते.

आता कलम ९. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यातलं नववं कलम, दांपत्य हक्कांची पुनर्स्थापना. आपल्याकडे साध्या भाषेत याला 'नांदायला ये' ची केस म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे. नवरा किंवा बायको योग्य कारण नसताना सोडून गेली असेल तर दुसरा कोर्टाला म्हणू शकतो की तिला किंवा त्याला परत यायला सांगा. 'योग्य कारण नसताना' हे तीन शब्द अधोरेखित करून ठेवा, बहिणीचं अख्खं उत्तर त्या तीन शब्दांवर उभं राहणार आहे. मारहाण, दारू, पैशाची मागणी, सासूने घराला कुलूप लावणं, जे काही घडलं असेल ते तारखेसकट.

आणि पोलीस उचलून नेत नाहीत. कोर्टाने समजा हुकूम दिला की जाऊन राहा आणि ती गेली नाही तर तिला तुरुंगात टाकत नाहीत. कागदावर प्रॉपर्टी जप्त करायची तरतूद आहे पण माझ्या मॅटर्समध्ये मी ती वापरलेली पाहिलेली नाही. पूर्वी मात्र खरोखर तुरुंग होता, आणि ती लढाई आपल्याच मुंबईत झालीये. रखमाबाईंची केस. लहानपणी लग्न झालेलं, नवरा दादाजी भिकाजी, रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला म्हणून तो मुंबई हायकोर्टात गेला. १८८५ ला एका जजने रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात ते फिरलं आणि १८८७ ला हुकूम झाला की नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तेव्हा बहिणीला सांगा की ज्या शब्दांनी तिची झोप उडालीये त्याच शब्दांसमोर एक मुंबईची मुलगी जवळजवळ एकशे चाळीस वर्षांपूर्वी उभी राहिली होती, आणि तेव्हा तर कायदापण तिच्या बाजूने नव्हता.

मग आजकाल नवरे ही केस का टाकतात? खरंच बायको परत हवी म्हणून टाकणारेही असतात, नाही असं नाही. पण बऱ्याचदा दोन हिशोब असतात. एक, बायको पोटगी मागेल तेव्हा दाखवता येतं की बघा मी तर बोलावत होतो, हीच आली नाही. दुसरा हिशोब जास्त लांबचा आहे. हुकूम झाल्यावर एक वर्ष दोघं एकत्र आले नाहीत तर तेवढ्याच कारणावर घटस्फोट मागता येतो, दोघांपैकी कोणालाही. म्हणजे नांदायला ये म्हणत म्हणत घटस्फोटाचं दार उघडतं. म्हणून ही केस सोडून द्यायची नाही, 'नाहीतरी आम्हाला जायचंच नाहीये, काय करायचं ते करू दे' असं म्हणून तारखेला गैरहजर राहायचं नाही.

गैरहजर राहिलं तर काय होतं त्याला म्हणतात एक्स-पार्टे, एकतर्फी. कोर्ट समोरच्याचंच ऐकतं आणि निकाल देतं. समन्स घेतलंच नाही तर केस कशी चालेल, असा एक जबरदस्त गैरसमज आहे. बेलिफ, म्हणजे समन्स घेऊन येणारा कोर्टाचा माणूस, आला की दार उघडायचं नाही, पोस्टमनला 'इथे राहत नाही' सांगायचं. काही उपयोग नाही. नाकारलेलं समन्स मिळाल्यासारखंच धरतात, दाराला चिकटवतात, पेपरात जाहिरात देतात. मग एक दिवस कळतं की निकाल होऊन गेला, आणि तो 'सेट असाइड' म्हणजे रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च आणि तुम्ही का आला नाहीत याचं पटणारं कारण. तुम्ही समन्स घेतलंत हे चांगलं केलंत.

उत्तर लेखी द्यायचं असतं, त्याला रिटन स्टेटमेंट म्हणतात, मराठीत लेखी कैफियत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवून देऊ शकतं, पण पहिल्याच तारखेला कॅलेंडरवर खूण करा. मधल्या छोट्या अर्जाला जे उत्तर देतो त्याला आमच्याकडे 'से' म्हणतात, म्हणजे तुमचं म्हणणं. वकील फोनवर म्हणाला 'ताई, से द्यायचाय' तर दचकू नका. प्रत्येक तारखेला काय झालं ते कोर्ट लिहून ठेवतं तो रोजनामा, आणि कुठल्या कागदावर 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की आम्ही हे तात्पुरतं कबूल करतोय, आमचे बाकीचे हक्क राखून.

वकिलाबद्दल एक गोष्ट. फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा आहे आणि त्यात वकील लावणं हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. घाबरायचं कारण नाही, साधा अर्ज असतो. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई असणं पुरेसं आहे. हे कितीतरी बायकांना माहीत नसतं, घरकाम करणाऱ्या मावशी दागिने गहाण ठेवून फी भरायला येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. शिवाय महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट अशा केसेसमध्ये बायकांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून.

सुरुवातीला तुम्हाला काउन्सेलरकडे पाठवतील, विवाह समुपदेशक. बहिणीला सांगा मोकळेपणाने बोल, तिथे बोललेलं तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरत नाहीत. समुपदेशक म्हणजे सक्तीने समेट घडवणारे नव्हेत, कधीकधी तिथेच दोघांना कळतं की आपल्याला नीट वेगळं व्हायचंय.

आता पोटगी. इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच.

केस चालू असताना महिन्याला मिळते ती अंतरिम पोटगी, हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. ही बायकोच मागते असं नाही, नवराही मागू शकतो, कायदा दोघांना समान आहे, फक्त कमाई नसलेली किंवा अपुरी असलेली बाजू बहुतेक वेळा बायको असते. यात केसचा खर्चही मागता येतो. तुमच्या बहिणीवर नवऱ्याने कलम ९ टाकलंय ना, त्याच केसमध्ये ती २४ चा अर्ज देऊ शकते, वेगळी केस टाकायची गरज नाही. म्हणजे त्याने उघडलेल्या दारातूनच तिला आत जाता येतं. शेवटचा निकाल लागताना किंवा त्यानंतर जी ठरते ती कायमची पोटगी, कलम २५, एकरकमी किंवा महिन्याला, यालाच लोक अॅलिमनी म्हणतात. तिसरं दार जुनं कलम १२५, सीआरपीसीचं म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. हे धर्म बघत नाही, बायको, मुलं, म्हातारे आईबाप सगळे मागू शकतात, घटस्फोट झालेली पण पुन्हा लग्न न केलेली बायकोही. चौथं कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००५ चा, डीव्ही म्हणतात तो. हिंदू बायकोसाठी १९५६ च्या दत्तक आणि पोटगीच्या कायद्यातलं पाचवंही दार आहे पण त्यात आत्ता शिरत नाही.

चारही ठिकाणी मागितली तर चारपट मिळते का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात हे साफ केलं, हे प्रकरण आपल्या नागपूरहूनच वर गेलं होतं. आधी एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी सांगावी लागते आणि ती वजा होते. त्याच निकालाने दोघांना उत्पन्न आणि मालमत्तेचं ॲफिडेव्हिट भरायला लावलं, पगार, एफडी, एलआयसी, कर्ज, क्रेडिट कार्ड सगळं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची असंही ठरवलं. ॲफिडेव्हिट म्हणजे शपथेवर लिहिलेलं. बहिणीने दोन ट्युशन घेतल्या तर त्याही लिहायच्या. लपवलेली छोटी कमाई उलटतपासणीत बाहेर येते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. माझ्या एका क्लायंटने गुगल पे वरचे शिवणकामाचे पैसे सांगितले नव्हते, महिन्याचे जेमतेम तीन-चार हजार, समोरच्या वकिलाने स्टेटमेंटचं एकेक पान उलटत तिला विचारलं, हे कोणाचे, हे कोणाचे. पाऊण तास. मी खाली बघत बसले होते.

आणि पुरुष वाचत असतील तर त्यांच्यासाठी, १२५ ची थकबाकी ठेवून जेलमध्ये जाऊन आलं की हिशोब मिटला असं कट्ट्यावर सांगतात ते खोटं आहे. जेल ही वसुलीसाठीची सक्ती आहे, आत राहून आल्यावरही पैसे बाकीच राहतात.

आता आईंच्या स्टॅम्प पेपरकडे येते. सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड हे शब्द आपल्या तोंडात पिढ्यान् पिढ्या आहेत म्हणून ते खरे वाटतात. पूर्वी १०० चा, आता ५०० चा स्टॅम्प, त्यावर दोन सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. दिसायला एकदम कायदेशीर. हिंदू लग्न त्याने मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोडाची पद्धत आहे आणि कायदा ती मानतो, पण ती रूढी खरोखर जुनी आणि चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि 'आमच्यात असंच करतात' एवढ्याने ते होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्याने नोटरींना लेखी कळवलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे असले कागद करणं तुमचं काम नाही, तरी होतात.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये असाच कागद घेऊन, घड्या पडून पडून मधे फाटलेला. नऊ वर्षं झालेली. मधल्या काळात त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, त्या नवऱ्याच्या कंपनीने मेडिक्लेमसाठी आधीच्या घटस्फोटाची डिक्री मागितली. डिक्री म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूमनामा, आणि ती त्यांच्याकडे नव्हतीच. पहिलं लग्न कायद्याने जिवंत, म्हणजे दुसरं पहिल्या दिवसापासून शून्य, आणि वर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्या फक्त एवढंच म्हणत होत्या, मॅडम यावर शिक्का आहे ना.

यात अजून एक खोच आहे जी कोणी सांगत नाही. त्या कागदावर हमखास एक वाक्य असतं, 'आम्ही दोघे परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत'. जुन्या १२५ मध्ये, आताच्या १४४ मध्येही, परस्पर संमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी मिळत नाही. म्हणजे तो कागद घटस्फोट तर देत नाहीच, उलट नवऱ्याचा वकील तोच पोटगीच्या केसमध्ये पुढे करतो. कळलं ना आईंना का थांबवा म्हणाले.

संमतीने सुटायचंच असेल तर कोर्टात त्याची सरळ वाट आहे, कलम १३ ब, म्युच्युअल. अट अशी की एक वर्ष वेगळं राहिलेले असावेत. 'वेगळं राहणं' म्हणजे वेगळी घरंच पाहिजेत असं नाही हां. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय की एका छताखाली राहूनही नवराबायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच आहे. मुंबईत याचं मोल किती ते वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना विचारा. एक जण हॉलमध्ये, एक आत, मधे कपाट आडवं लावलेलं, गॅसवर दोन वेगळे चहा. दुसरं भाडं परवडत नाही म्हणून तसेच राहतात आणि समजतात आपली केसच होऊ शकत नाही. होते.

अर्ज टाकल्यावर सहा महिने थांबायचं, तो कूलिंग पिरियड, मग दोघांनी परत येऊन सांगायचं की आम्ही ठाम आहोत. २०१७ मध्ये अमरदीप सिंग निकालाने सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, जर अर्जाच्या आधीच एकूण दीड वर्ष वेगळे असाल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मूल सगळं खरोखर मिटलेलं असेल. आपोआप माफ होत नाही, मागावं लागतं. तुमच्या बहिणीला दीड वर्ष झालंय, लक्षात ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा की डिक्री होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सगळे पैसे पहिल्याच दिवशी द्यायचे नाहीत की सगळ्या केसेस पहिल्याच दिवशी मागे घ्यायच्या नाहीत, टप्पे लिहायचे.

टप्पे जिथे लिहितात त्या कागदाला कन्सेंट टर्म्स म्हणतात, संमतीच्या अटी, आणि वकिलाची खरी कसोटी तिथे लागते. माझी लागली होती आणि मी नापास झाले होते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका मॅटरमध्ये मी लिहिलं, 'वडिलांना मुलीची वाजवी भेट मिळेल'. रिझनेबल ॲक्सेस, पुस्तकातला शब्द, छान वाटला. दोघांनी हसत सह्या केल्या. पहिल्या दिवाळीलाच फोन. त्याच्या मते वाजवी म्हणजे अख्खी सुट्टी, तिच्या मते दोन तास, तेही तिच्या आईसमोर. सहा वर्षं ते दोघं त्या एका शब्दावरून अर्ज टाकत राहिले आणि ती मुलगी पाचवीची अकरावीला गेली. तेव्हापासून मी लिहिते, दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दादर स्टेशनच्या कुठल्या पुलाखाली सोडायचं, आजारी पडलं तर कुठला दिवस बदली, दिवाळीचे पहिले दिवस कोणाकडे, गणपतीत कोणाकडे, व्हिडिओ कॉल किती वाजता. पक्षकार कंटाळतात, म्हणतात मॅडम एवढं कशाला. मी लिहितेच.

मुलाच्या बाबतीत तीन शब्द वेगळे ठेवा. कस्टडी म्हणजे मूल राहतं कोणाकडे. ॲक्सेस म्हणजे दुसऱ्याला भेटायला मिळणं. गार्डियन म्हणजे पालकत्व, कागदावर सही करायचा अधिकार. १९५६ च्याच दुसऱ्या, पालकत्वाच्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय, पण १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवरून झालेल्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील मेल्यावरच असं नाही, ते लक्ष देत नसतील, दूर असतील तरी आई पालक. ताब्याबाबत पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. भाचा चार वर्षांचा आहे त्यामुळे आत्ता फार काळजी नको, पण 'साधारणपणे' हा शब्द आहे तिथे, आणि पाच पूर्ण झाले म्हणून मूल वडिलांकडे जातं असंही नाही. कोर्ट बघतं मुलाचं हित, शाळा कुठे, सांभाळतं कोण. बहिणीने बापाला भेटू द्यायचंच नाही असा हट्ट धरू नये, त्याने तिचंच नुकसान होतं. बांद्र्याच्या कोर्टात भेटीसाठी मुलांची वेगळी जागा आहे, खेळणी असतात. मी तिथे एका बापाला बघितलंय, ऑफिसचा टाय तसाच, जमिनीवर मांडी घालून, प्लॅस्टिकच्या कपातून खोटा चहा पीत होता आणि मुलगी सारखी म्हणत होती अजून साखर घालू?

बाकीचे शब्द भराभर. न्यायिक विभक्तता म्हणजे कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहणं, लग्न मोडत नाही, दुसरं लग्न करता येत नाही, वारसा हक्कही चालू. घटस्फोट म्हणजे होतं ते लग्न मोडणं. विवाह रद्दबातल म्हणजे लग्न मुळात नीट झालंच नव्हतं असं ठरणं, जसं आधीची बायको असताना केलेलं, किंवा फसवून केलेलं, मात्र फसवणूक कळल्यापासून एक वर्षात यावं लागतं.

क्रूरता हे घटस्फोटाचं एक कारण, आणि ती म्हणजे फक्त मारहाण नाही, मानसिक छळही येतो, पण रोजची भांडीकुंडी आदळणं म्हणजे क्रूरता नव्हे. इथे एक शब्द फार लोकांना दगा देतो, कंडोनेशन, म्हणजे झालेलं माफ करून पुन्हा संसार करणं. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा १९७५ चा गाजलेला निकाल, मराठी दांपत्याचाच. बायकोचं वागणं क्रूरतेत बसतं असं कोर्टाने मानलं, तरी नवरा हरला, कारण त्यानंतरही तो नेहमीसारखा संसार करत राहिला होता. बहीण मधे दोनदा समजुतीने परत गेली असेल तर ते वकिलाला आधीच सांगा, लपवू नका.

४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याची, आता भारतीय न्याय संहितेत ८५, ही फौजदारी केस, वेगळं कोर्ट, वेगळा पुरावा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. नातेवाईक लगेच सांगतात ४९८ ठोका म्हणजे येईल लाईनीवर. खरं घडलं असेल तर जरूर टाका, दबावासाठी म्हणून टाकू नका, कारण ती तडजोड झाल्यावर नुसती मागे घेता येत नाही, हायकोर्टात जाऊन क्वॅश म्हणजे रद्द करून घ्यावी लागते.

स्त्रीधन म्हणजे लग्नात, आधी-नंतर बाईला मिळालेलं सगळं, सासरकडून आलेलं असलं तरी, ते तिचंच. १९८५ पासून सर्वोच्च न्यायालय हे सांगतंय. लॉकर सासूच्या नावावर असला तरी दागिना सासूचा होत नाही. बहिणीकडून आजच यादी करून घ्या, लग्नाच्या अल्बममधले फोटो शेजारी ठेवून, कुठली पाटली, कुठला हार, सोनाराची पावती आहे का.

आणि फ्लॅट. 'घटस्फोटात अर्धी प्रॉपर्टी मिळते' हे सिनेमा-सिरियलमधून आलंय, आपल्याकडे महाराष्ट्रात असा नियम नाही. घर ज्याच्या नावावर त्याचं, जॉइंट असेल तर हिशोब निघतो, ईएमआय कोणी भरले ते निघतं. बायकोला राहायचा हक्क मात्र आहे, डीव्हीखाली, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्याच दुसऱ्या एका निकालाने पक्कं झालं. राहायचा हक्क आणि मालकी यात गल्लत करू नका. तडजोडीत फ्लॅट एकाने दुसऱ्याला द्यायचा ठरला तर डिक्रीच्या आधी बक्षीसपत्र करा, नवराबायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत आहे, डिक्रीनंतर तुम्ही एकमेकांना परके आणि मग पूर्ण ड्युटी. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेला विचारा.

तर आता करायचं काय. बहिणीने तारखेला हजर राहायचं, बांद्रा पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने बीकेसी, गेटवर बॅग तपासतात म्हणून अर्धा तास आधी. सोबत समन्स, आधार, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट. नवऱ्याचा पगार किती हे सिद्ध करणारं काहीही हाती असेल, जुनी सॅलरी स्लिप, कर्जाच्या फॉर्मची झेरॉक्स, तेही. मुलाला आणू नका, कोर्टाने बोलावल्याशिवाय त्याची तिथे गरज नाही, तुम्ही दादा घरी त्याच्याजवळ थांबा आणि तिच्यासोबत वहिनींना पाठवा. आणि नवरा कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणाला की 'चल, बाहेर बसून दोन कागदांवर सह्या करून मिटवू', तर तिने एवढंच म्हणायचं, आत चल, जजसाहेबांसमोर लिहू.